भोईर सिस्टरचा प्रश्न

परवा आमच्या विठ्ठलवाडीच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. एक बाई टीपॉयवरचे ग्लास ओळीत लावत हसत हसत म्हणाली, "मला ना ओसीडी आहे बाई. एक वस्तू इकडची तिकडे झाली तरी चालत नाही." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. गॅसवर दूध ठेवलंय असं खोटंच सांगून मी तिथून उठले आणि जिन्यात येऊन उभी राहिले. इतका राग आला होता.

त्या बिचारीला काय माहीत? मला तरी कुठे माहीत होतं? वीस वर्षं नर्सिंग करून मला माहीत नव्हतं. ओसीडी म्हणजे सारखे हात धुणं, कुलूप चारदा ओढून बघणं, एवढंच मीही समजत होते. आणि माझ्या शेजारी, एकाच ड्युटीवर, एक बाई त्याच आजाराने आतून पोखरली जात होती. तिचे हात मात्र अगदी साधे, कोरडे, स्वच्छ होते.

रंजना भोईर तिचं नाव. आम्ही सगळे भोईर सिस्टर म्हणायचो.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, बाजारातल्या गल्लीत, खाली कापडाची दुकानं आणि वर दोन मजले, असं आमचं मॅटर्निटी होम. मी तिथे लागले तेव्हा भोईर सिस्टर आधीच जुन्या झाल्या होत्या. बदलापूरजवळच्या चामटोलीहून यायच्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या. चालताना सपाट पावलं अशी टाकायच्या की कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला कळायचं, सिस्टर आल्या. हातात बांगडी नाही, नखं कायम कापलेली, आणि अ‍ॅप्रनच्या खिशात भाजलेले चणे. लेबर रूममध्ये बाई ओरडत असली तरी ह्या शांतपणे एक चणा तोंडात टाकणार आणि म्हणणार, "ओरड गो बाय, ओरड. कोण बघत नाय."

नवीन जन्मलेल्या प्रत्येक बाळाला त्या 'पावणं' म्हणायच्या. बाळ बाहेर आलं, नाळ कापली, पुसलं, की पहिलं वाक्य ठरलेलं. "काय पावणं, प्रवास कसा झाला?" मुलगा असो, मुलगी असो, सिंध्याचं असो, मराठ्याचं असो, भय्याचं असो. एकदा एक बाळ रडेचना. मी तेव्हा नवखी. होमच्या मालक डॉक्टर मॅडम आईकडे बघत होत्या, तिला रक्तस्राव होत होता, आणि ते निळसर पोर माझ्या हातात. मी नुसती थिजले. भोईर सिस्टरनी ते माझ्याकडून काढून घेतलं, तोंड साफ केलं, पाठ चोळायला लागल्या आणि अगदी दारात आलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलू लागल्या. "बोला की पावणं. एवढ्या लांबून आलाव नि गप का? रागावलाव?" हात भराभर चालत होते, आवाज जराही चढला नव्हता. थोड्या वेळाने ते पोर असं किंचाळलं की खाली दुकानात ऐकू गेलं असेल. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू का रडतेस? ते रडलं ना आता."

त्यांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं. "अम्मा, बाळ का डोका संभालो, ऐसा लोंबता नको छोडो." सिंधी आज्या मान डोलवून ऐकायच्या. नातवंडाची पहिली आंघोळ भोईर सिस्टरनेच घालायची असा त्यांचा हट्ट असायचा. सिस्टरची सुट्टी असेल तर आंघोळ एक दिवस पुढे ढकलणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. पोर उचलायला घाबरणाऱ्या नव्या आयांना त्या सांगायच्या, "पोर काचेचं नसतं. पोर पोराचं असतं. धर नीट."

हे एवढं सगळं सांगितलं, कारण पुढचं समजायला ते लागतं. ज्या बाईचे हात असे होते, त्या बाईला स्वतःच्या हातांची भीती वाटायला लागली.

सुरुवात कधी झाली ते मला कळलंच नाही. एवढंच आठवतं, एका दुपारी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमधून एक बाळ घेऊन येत होत्या, मध्येच थांबल्या, आणि समोरून येणाऱ्या माझ्या हातात ते जवळजवळ कोंबलं. "धर. मला बाथरूमला जायचंय." चेहरा घामाने ओला. बीपी असेल म्हणून मी सोडून दिलं. मग लक्षात आलं की त्या बाळाला घेऊन त्या कॉरिडॉरने येतच नाहीत. तिथे मोठी खिडकी होती. खाली उतरून, पलीकडच्या जिन्याने वर चढून, लांबचा वळसा घालून यायच्या. पुढे नाळ कापायची वेळ आली की कात्री माझ्यापुढे करायला लागल्या. "तू काप, तुझी प्रॅक्टिस व्हायला पाहिजे." मला तोवर सोळा वर्षं झाली होती. कसली प्रॅक्टिस?

आणि मग तो प्रश्न सुरू झाला.

ड्युटी संपली, कपडे बदलून आम्ही निघालो की जिन्यात माझा हात धरायच्या. "कल्पना, ते तीन नंबरचं बाळ. मी नीट ठेवलं ना गो पाळण्यात?"

"ठेवलं की."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मी काय केलं नाय ना त्याला?"

"काय करणार तुम्ही? झोपलंय ते."

यावर त्यांचा चेहरा सैल पडायचा. खरंच, एखाद्याचं ओझं उतरवून घ्यावं तसा. पण रिक्षापर्यंत पोचायच्या आत परत, "कल्पना, तू नक्की बघितलंस ना?" पुढे पुढे घरी पोचल्यावर फोन. मी कुकर लावतेय, मुलाचा अभ्यास चालू आहे, आणि फोनवर भोईर सिस्टर. "कल्पना, एकच विचारते." कधी मी समजावायचे, कधी हसण्यावारी न्यायचे, आणि कधी, कबूल करते, इतकी वैतागायचे की फोन उचलून कट्ट्यावर ठेवून द्यायचे आणि त्या एकट्याच बोलत राहायच्या.

एका सकाळी गच्चीवर दुपटी वाळत घालताना मी त्यांना धरलं. म्हटलं, "सिस्टर, आज मला काय ते खरं सांगा. हे रोजचं काय चाललंय?" त्या दुपट्याला चिमटा लावत होत्या. लावला, काढला, परत लावला. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या. घाबरल्या की त्यांची गावची बोली यायची.

"मना विचार येतान. बाळ हातात घेतला का मनात येतं, हा खिडकीतून टाकीन. नायतर तोंडावर हात दाबीन. चित्रच दिसतं गो. मना नको असतं, तरी येतं. मी ढकलते, ते जास्त येतं."

मी एक पाऊल मागे सरकले. ठरवून नाही, आपोआप. आणि माझी नजर गेली ती गच्चीच्या दाराकडे, खाली जिथे पाळणे होते तिकडे. भोईर सिस्टर तेवढ्यात वळल्या होत्या. त्यांनी ती नजर बघितली. आज इतक्या वर्षांनी मी काहीही सांगू शकते, पण ती नजर परत घेऊ शकत नाही.

"बघ," त्या म्हणाल्या. "तुलापण भीती वाटली."

त्यानंतरचे महिने आठवले की माझीच मला चीड येते. मी काय काय सल्ले दिले! मी म्हटलं, असे विचार करूच नका. जसं काही त्या मुद्दाम करत होत्या. मी म्हटलं, विचार आला की देवाचं नाव घ्या. त्यांनी घेतलं. एकशे आठ वेळा घ्यायचं ठरवलं; मध्ये विचार आला की ते नाव बाटलं, परत पहिल्यापासून. बाळाला दूध पाजायला उशीर व्हायला लागला, कारण सिस्टर भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत उभ्या. त्यांच्या जावेने बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरच्या भगताकडे नेलं. तो म्हणाला, बाहेरचं आहे, हिच्यात कोणीतरी बसलंय, लेकरं मागतंय. लिंबू, अंगारा, दंडाला दोरा. आधी त्यांना वाटत होतं, मनात वाईट येतं. आता वाटायला लागलं, मीच वाईट आहे. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरने वय विचारलं आणि म्हणाला, पाळी जायच्या वेळी असं होतं, व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्या, फिरायला जा. कोणीही पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्यांकडे उत्तर मात्र तयार!

आणि मी? मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागले. त्या बाळापाशी गेल्या की मी काहीतरी कारण काढून तिथे. त्यांना ते कळत होतं. शेवटी मी मॅडमना सांगितलं. माझी बाजू अशी होती की उद्या काही झालं तर? बाळांची जबाबदारी आहे. आजही वाटतं, त्या दिवशी मला जेवढं माहीत होतं तेवढ्यात मी वेगळं काय केलं असतं? पण हे वाक्य म्हटलं की लगेच दुसरं येतं. मला माहीत का नव्हतं? त्या बाईच्या हातून वीस वर्षांत एका पोराच्या अंगावर ओरखडा उठला नव्हता. ती स्वतःहून खिडकी टाळत होती, कात्री टाळत होती. मारणारा माणूस असं करतो का? हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी सिस्टरना बोलावून शांतपणे सांगितलं, "भोईर, कुछ दिन आराम करो. ओपीडी में बैठो." पण दाराशी आयाबाई उभी होती. दोन दिवसांत सगळ्या होममध्ये झालं की भोईर सिस्टर बाळं मारायचं म्हणतात. एका पेशंटच्या सासूने ओपीडीत त्यांना बघून सुनेचा हात ओढला आणि बाहेर नेलं. त्या दिवशी सिस्टरनी अ‍ॅप्रन घडी घालून माझ्या कपाटात ठेवला आणि गेल्या. मला काही बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभर मी त्यांना फोन केला नाही. लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं होतं. संध्याकाळचे फोन बंद झाले होते.

मग एक दिवस त्यांच्या मुलीचा फोन आला. पल्लवी. ती बाळंतपणाला चामटोलीला आली होती, मुलगी झाली होती, आणि ती फोनवर हुंदके देत होती.

"मावशी, आईला समजावा ना. बाळाला हातसुद्धा लावत नाही. पंधरा दिवस झाले. खोलीत येत नाही. आता तर शेतावरच्या खोपीत राहायला गेलीये. मुलगी झाली म्हणून एवढा राग? माझी आई अशी असेल असं मला वाटलं नव्हतं. सासरचे लोक बोलतात, तुझ्या आईलाच मुलगी नको झालीये."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून चामटोलीला गेले.

भाताची कापणी झालेली होती. खोपीत एक बाजलं, एक घागर, एक स्टोव्ह. भोईर सिस्टर निम्म्या झाल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, आणि कशी आहेस, मुलगा कितवीला गेला, सगळं विचारलं. जणू मधे काही घडलंच नव्हतं. मी सरळ विषय काढला.

"पल्लवीला वाटतंय तुम्हाला नात नको होती."

"वाटू दे."

"वाटू दे? सिस्टर, आख्खं आयुष्य तुम्ही मुलगी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्या सासवांना झापलंत."

"वाटू दे गो," त्या म्हणाल्या. "आई जुन्या विचारांची हाय, असं वाटलं तर ती रडंल नि गप बसंल. खरं कळलं तर पोर घेऊन जाईल नि परत तोंड दाखवणार नाय. मना चालंल ती रागावली तर. घाबरली तर नाय चालणार."

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "नात घरात आली त्या दिवशी मी एकदा उचलला होता तिला. दारातून आतपर्यंत. तेवढ्यात मी काय केलं नसंल ना गो?"

मला रडू आलं नाही. भयंकर संताप आला. कोणावर ते कळेना. मी ओरडले, "उठा! चपला घाला. डॉक्टरकडे जायचं. ह्या वेळी मनाच्या डॉक्टरकडे." त्या म्हणाल्या, वेड्यांच्या दवाखान्यात? मी म्हटलं, हो, मीपण वेडी आहे, दोघी जाऊ.

अंबरनाथला पूर्वेला, एका स्टेशनरीच्या दुकानावर, एका मानसोपचाराच्या डॉक्टरचा छोटा दवाखाना होता. डॉक्टर तरुण, पल्लवीपेक्षा थोडाच मोठा. पहिल्यांदा कोणीतरी प्रश्न विचारले. विचार आल्यावर तुम्ही काय करता? किती वेळा आठवून बघता? कोणाला विचारता? काय काय टाळता? सिस्टर खाली मान घालून सांगत होत्या, आणि मला त्या पाऊण तासात पहिल्यांदा कळलं की त्यांचा दिवस कसा जात होता. बाळ ठेवल्यापासून दार लावेपर्यंतची प्रत्येक हालचाल त्या डोक्यात पुन्हा पुन्हा चालवून बघायच्या. वीस वेळा, तीस वेळा. कुठे एक क्षण अंधुक वाटला की परत सुरुवातीपासून. बाहेरून दिसायचं, बाई नुसती बसली आहे.

डॉक्टर माझ्याकडे वळला. "तुम्हाला कधी असा विचार आलाय? गच्चीच्या कडेला उभं असताना, उडी मारली तर? किंवा चाकू हातात असताना?"

मी म्हटलं, "आलाय. मुलगा लहान असताना. भाजी चिरताना."

"मग काय केलंत?"

"काय करणार? छी म्हटलं आणि भाजी चिरली."

"झालं," तो म्हणाला. "तो सगळ्यांना येतो. तुमच्या दारावरून गेला. यांनी त्याला दारात अडवून चौकशी सुरू केली, तू का आलास, म्हणजे मी कोण आहे? यांना पोरं जिवापाड आवडतात, म्हणून नेमका हाच विचार चिकटला. हा आजार आहे, इच्छा नाही. याला ओसीडी म्हणतात. असा विचार ज्याला नकोसा होतो, जो त्याला भिऊन शेतात राहायला जातो, तो माणूस तसं करत नाही. हे मी आज एकदाच सांगतोय. पुढच्या वेळी विचारलंत तर सांगणार नाही."

सिस्टर म्हणाल्या, "का?"

"कारण उत्तर मिळालं की तुम्हाला दहा मिनिटं बरं वाटतं, आणि अकराव्या मिनिटाला प्रश्न आणखी मोठा होऊन येतो." मग मला, "किती वर्षं उत्तर देताय?"

मी मनात हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. रोज, जिन्यात, रिक्षात, फोनवर. मला वाटत होतं मी आधार देतेय, आणि मी त्या आगीत रोज लाकूड घालत होते! मला त्या पोरसवदा डॉक्टरचाही राग आला. हे इतकं साधं होतं, तर कोणी सांगितलं का नाही? नर्सिंगच्या पुस्तकात होतं का? असेल तर आम्ही काय पाठ केलं?

गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला आठवडे लागतील, असं डॉक्टरने सांगितलं होतं. बरोबर 'गृहपाठ' सुरू झाला. आधी नातीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचं. मग आत. मग पाळण्याशेजारी. विचार येईल, त्याला ढकलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, आठवून बघायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. नुसतं बसायचं, भीती आपोआप उतरेपर्यंत.

पण उंबऱ्यावर बसायचं तर पल्लवीला सांगायला हवं होतं. सिस्टरनी स्वतः सांगितलं, मी शेजारी होते. पल्लवीने सगळं ऐकून घेतलं, पाळण्यातून बाळ उचललं, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. कडीचा आवाज आला तेव्हा सिस्टर हसल्या. "बघ, मी बोलली होती." आठवड्याने पल्लवी बाळाला घेऊन सासरी कल्याणला निघून गेली.

गृहपाठ करायला पोरच राहिलं नाही. डॉक्टरने दुसरा दिला, बाळाचा फोटो समोर ठेवून बसायचं. सिस्टर बसायच्या, आणि मग मला फोन.

"कल्पना, सांग ना. मी तिला त्या दिवशी काय केलं नाय ना?"

"सिस्टर, मला माहीत नाही."

"माहीत नाय कसं? वीस वर्षं वळखतेस मना."

"मला माहीत नाही."

"एकदाच सांग. शेवटचं. परत नाय विचारणार."

"सिस्टर, डॉक्टरने सांगितलंय ना..."

"डॉक्टर गेला खड्ड्यात! तुझं काय जातं गो एक शब्द बोलायला? कुत्र्याला पण तुकडा टाकतो आपण!"

मी फोन कानाला लावून उभी. तोंडात 'नाही केलंत हो' तयार होतं. ते गिळणं म्हणजे काय असतं ते मी सांगू शकत नाही. एकदा मी गिळलं नाही. सांगून टाकलं. त्या रडत म्हणाल्या, देव तुझं भलं करो. आणि पुढच्या दोन तासांत अकरा फोन आले.

असं जवळजवळ वर्ष गेलं. बरं वाटायचं, परत घसरायचं. मध्येच बरं वाटतंय म्हणून कोणालाही न विचारता गोळ्या सोडल्या, आणि परत खोपीत राहायला गेल्या. मी भांडले. त्यांच्या यजमानांना, जे कधी काही बोलत नसत, त्यांनाही बोलले. पल्लवीला चार वेळा फोन केला, ती उचलेना. पाचव्यांदा उचलला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आईवर ठेवू नकोस. एकदा डॉक्टरकडे येऊन तुझे प्रश्न तू विचार." ती आली. नवऱ्याला घेऊन आली. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी बाहेर बाकावर होते. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि ती माझ्यावरच चिडली. "मावशी, तुम्ही एवढी वर्षं तिच्या बरोबर होतात. तुम्हाला कसं कळलं नाही?"

मी फाइल उचलली आणि जिना उतरायला लागले.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला पल्लवी चामटोलीला आली. केक कापला, फोटो काढले, आणि कोणाला काही न सांगता तिने पोर आईच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः पाणी आणायला आत गेली. मी घड्याळ बघितलं नाही, पण ती बराच वेळ आली नाही. मुद्दामच. सिस्टर ताठ बसल्या होत्या, कपाळावर घाम, दोन्ही हात पोरीच्या पोटाभोवती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, प्रश्न तिथपर्यंत आला होता. मी मान फिरवली आणि केकच्या ताटल्या गोळा करायला लागले. त्यांनी विचारलं नाही.

बऱ्या झाल्या का? लोक मला विचारतात, आणि मला नक्की काय सांगावं कळत नाही. विचार अजून येतात. आले की त्या म्हणतात, "आलाय बघ. बसू दे." गोळी चालू आहे. फोन येतात, पण भाताचे, भाजीचे, पल्लवीचे. प्रश्न क्वचित, आणि विचारला तर स्वतःच मध्ये थांबून "जाऊ दे" म्हणतात.

त्या कामावर परत आल्या नाहीत. मी मॅडमकडे दोनदा गेले होते. सगळं समजावून सांगितलं, डॉक्टरचा कागद दाखवला. मॅडम म्हणाल्या, "कल्पना, मैं समझती हूं. पर पेशंट नहीं समझेंगे." मी म्हटलं, तुम्ही समजावलंत तर समजतील. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ज्या आयाबाईने बोभाटा केला ती अजून कामावर आहे. मीही आहे. नव्या मुली बाळाला घाबरत घाबरत उचलतात, डोकं लोंबतं, आणि त्यांना शिकवणारं कोणी नाही. मी शिकवते, पण माझ्या हातांना त्यांच्या हातांची सर नाही.

गेल्या महिन्यात मी बदलापूरला एका नातेवाइकाकडे चालले होते. रिक्षा उल्हास नदीच्या पुलावर अडकली, पुढे एक टेम्पो बंद पडला होता. सहज डावीकडे बघितलं, तर पुलाच्या कठड्याशी भोईर सिस्टर. कडेवर नात. आता मोठी झाली आहे, पाय लोंबत होते. खाली पाण्यात कोणीतरी जाळं टाकलं होतं आणि ती पोर ते बघायला पुढे वाकत होती. "आजी, मासा! आजी, पुढे हो ना!"

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. सिस्टरचा चेहरा मला बाजूने दिसत होता. पांढरा पडला होता. मानेवरची शीर तटतटली होती. काय चाललं असेल आत ते मला पक्कं ठाऊक होतं. वाटलं, मागे सरकतील, पोरीला खाली उतरवतील, कोणी ओळखीचं दिसतंय का बघतील. त्या एक पाऊल पुढे सरकल्या, कठड्याला टेकल्या, आणि एक हात नातीच्या कमरेभोवती ठेवून दुसऱ्या हाताने पाण्याकडे बोट दाखवलं.

टेम्पो सुरू झाला. रिक्षावाल्याने गिअर टाकला. पूल संपेपर्यंत मी मान वळवून बघत राहिले. दोघी अजून तिथेच होत्या.